आक्काकडे शंभर मैल

दोन हजार चोवीस साल. मला त्र्याहत्तरावं चालू होतं आणि माझी सायकल पडवीच्या वाशाला उलटी टांगलेली होती.

टांगली माझ्याच मुलानं, महेशनं. श्रावणात रत्नागिरीत मांडवीकडे उतरताना एक कुत्रं आडवं आलं, मी पडलो आणि डावं मनगट मोडलं. सायकलवरून पडलेला मी काय पहिलाच माणूस? पंचेचाळीस वर्षं मी हिच्यावरून पाव विकले. पहाटे भट्टीवरून टोपली भरायची, भोंगा वाजवत भाट्याचा पूल ओलांडायचा आणि पावसपर्यंत जाऊन यायचं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण त्या रस्त्यावरचं कुठलं घर कडक पाव घेतं नि कुठलं मऊ, हे आजही सांगीन. सायकल काळी, चोवीस इंची, दांडीच्या ब्रेकची. पुढे एक चकती, मागे एक. गियर वगैरे थेरं नाहीत.

प्लास्टर निघालं तशी मी सायकल खाली काढायला सांगितली. महेश म्हणाला, "बाबा, ती आता भंगारवाल्याकडे जाईल. तुम्हाला कुठे जायचं असेल तिथे मी रिक्षा करून देतो."

मी म्हटलं, "मला कुठे जायचं नसतं. मला सायकलनं जायचं असतं."

हे भांडण कोजागिरीच्या संध्याकाळी झालं. तेव्हा माझी थोरली बहीण आक्का फोनवर होती आणि सूनबाईनं, स्वातीनं, फोन मोठ्या आवाजात लावलेला होता. आक्का हर्ण्याला असते. वय सत्याहत्तर, सुकत घातलेल्या बोंबलासारखी अंगानं बारीक आणि जिभेनं तितकीच खारी. ती तिकडून ओरडली, "अरे महेश, माझा भाऊ एका जागी बसला तर मरेल रे!"

महेश चिडून बोलून गेला, "आत्ये, यांना दोन मैल तरी जमणारेत का आता?"

मग मला राहवलं नाही. आक्काचं लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरात बोलायची पद्धतच आहे, आक्का शंभर मैलांवर असते. एसटी हातखंबा, चिपळूण, खेड, दापोली करत जाते, ते बरोबर शंभर मैल भरतात. मी म्हटलं, "दोन नाही, शंभर मैल मारतो. एका दिवसात. या भाऊबीजेला आक्काकडे सायकलनं जातो. जमलं तर परत सायकलीचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर घाल भंगारात, मी बघायलासुद्धा येणार नाही."

"मी साक्षीला आहे," आक्का म्हणाली.

महेशनं एकच अट घातली. महामार्गानं जायचं नाही, तिथे ट्रक अंगावर येतात. समुद्राकडच्या रस्त्यानं जायचं, फेरीबोटीनं खाड्या ओलांडून. मी बरं म्हटलं. तिथेच माझी चूक झाली होती. पण ती त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही, महेशच्याही नाही.

मांडवी ते मालगुंड

भाऊबीजेच्या दिवशी पहाटे चारला निघालो. मागे कॅरियरला आक्कासाठी घेतलेलं लुगडं, चकल्यांचा डबा आणि हवा मारायचा पंप. स्वातीनं चाकाला एक घड्याळाएवढं मीटर लावून दिलेलं, चाक फिरेल तसे किलोमीटर दाखवणारं. महेशनं आणलं होतंन. मी खोटं बोलेन असं त्याला वाटलं असावं. लागलं मला ते.

आरे-वारेच्या चढाला उजाडलं. डावीकडे खाली समुद्र, एवढा शांत की कुणी इस्त्री फिरवून ठेवलाय असं वाटावं. चढ मी उतरून ढकलत चढलो. त्यात कमीपणा नाही, पावाची टोपली घेऊनही चढ ढकलतच चढायचे असतात. अर्ध्यावर मागून पाच-सहा जण आले. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्याला टोप्या, सायकली काटकुळ्या. बोलण्यावरून घाटावरचे वाटले. एकानं वेग कमी करून विचारलं,

"काका, कुठपर्यंत?"

"हर्ण्यापर्यंत."

"आज?"

"भाऊबीज आज आहे. उद्या जाऊन काय करू?"

तो हसला. माझ्या सायकलीकडे बघून म्हणाला, "हिला गियर किती?"

"एक. तुमच्या?"

"सत्तावीस."

"सत्तावीस? नक्षत्रं हायत काय?"

सगळे हसले आणि मला मागे टाकून चढ चढून गेले. खोटं कशाला बोलू, अगदी सहज गेले. मी माथ्यावर पोचलो तेव्हा ते पलीकडच्या वळणाला दिसतसुद्धा नव्हते. पण गणपतीपुळ्याला एका टपरीपाशी सायकली उभ्या करून ते फोटो काढत बसले होते. मला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या, चहाला बोलावलं. मला चहा हवाच होता. पण थांबलो असतो तर दमलो म्हणून थांबलो असं दिसलं असतं. मी घंटी वाजवली आणि पुढे गेलो. तो चहा मालगुंडात घेतला, कोणी बघत नसताना, दोन कप.

जयगडची खाडी

फेरीबोटीवर त्या दिवशी सगळे भाऊच भाऊ. मोटारसायकलींना पिशव्या लटकवलेल्या, पिशव्यांतून साड्यांचे खोके डोकावतायत, केस तेल लावून बसवलेले. आम्हा रत्नागिरीकडच्यांना कुणी भेटला की विचारायची सवय, "कुठे?" खाडी ओलांडली की विचारतात, "कुणाकडे?" मला हा प्रश्न आवडला. कुठे विचारलं की गावाचं नाव सांगून माणूस गप्प होतो. कुणाकडे विचारलं की मग सगळं घरदारच बाहेर येतं. मी बहिणीकडे म्हटलं आणि आजूबाजूचे चार जण आपापल्या बहिणींबद्दल सांगायला लागले. कुणाची तापट, कुणाची रडकी. एकाची बहीण त्याच्याशी सहा महिने बोलत नव्हती आणि तो मुद्दाम दोन साड्या घेऊन चालला होता.

शंभर मैलांची गोष्ट मी सांगायला नको होती, पण सांगितली. माझ्या तोंडात राहत नाही. तेव्हा एक मिशीवाला गृहस्थ मीटरकडे वाकून म्हणाला, "आजोबा, बोट चालली तरी हे उभंच हाय. मागचं चाक उचला नि हातानं फिरवा की! पलीकडं जाईपर्यंत दोन मैल होतील."

"ह्या पुढच्या चाकाला लावलंय ते."

"मग पुढचं उचला."

बोटीवरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या बहिणीला असंच ओवाळणीत रिकामं पाकीट घालता काय?" त्यावर तर बोट हलेल एवढे हसले, आणि मिशीवाल्यानं मला स्वतःच्या डब्यातला बेसनाचा लाडू दिलान. तवसाळला उतरताना माझी सायकल दोघांनी धरून उतरवली. मी नको म्हटलं होतं.

लेंगा

महेशनं मला पळणारी पोरं घालतात तसली विजार आणून दिली होती. ती मी घरी ठेवून लेंगा घालून निघालो. बहिणीकडे जायचं तर नीट कपड्यांत जावं, असं माझं मत. हेदवीच्या अलीकडे उतार लागला. वारा छान, दोन्ही बाजूंना कापलेली भातं, वाळलेल्या पेंढ्याचा वास. मी पाय सोडून दिले आणि लेंग्याची उजवी बाजू साखळीत गेली. सायकल जागच्या जागी अडली, मी मात्र पुढे गेलो आणि रस्त्याकडेच्या पेंढ्यात जाऊन पडलो. पेंढा नसता तर खाली कातळ होता, मग हे लिहायला मी नसतो.

शेजारच्या खळ्यावर नवरा-बायको भात झोडत होते. दोघं धावत आली. बाई म्हणाली, "लागलं काय हो, भाऊ?"

"नाही. सायकल बघा आधी."

सायकलीला काही झालं नव्हतं. लेंगा मात्र मांडीपासून खालपर्यंत फाटून साखळीत गुंडाळला गेला होता. नवरा खाली बसून पेडल उलटं फिरवत चिंध्या काढायला लागला आणि मी पेंढ्यात बसून राहिलो, कारण उठण्यासारखी परिस्थिती नव्हती.

"कुणाकडे निघालात?" बाईनं विचारलं.

"बहिणीकडे. हर्ण्याला."

"नि ह्या अवतारात ओवाळून घेणार?" ती पदर तोंडाला लावून हसली आणि घरात गेली. बाहेर आली ती नवऱ्याची खाकी अर्धी चड्डी घेऊन. "ही घाला. परत द्यायला या म्हणजे झालं."

तो नवरा म्हणाला, "अगो, माझी चांगली चड्डी हाय ती!"

"तुमची बहीण काय आज येणार हाय बघायला? द्या गप."

मी चड्डी घातली. कमरेला सैल होती, काथ्याच्या दोरीनं आवळली. मग त्यांनी मला दडपे पोहे खायला घातले. आमच्याकडे दडप्या पोह्यांत ओलं खोबरं आणि कांदा, ह्यांच्याकडे त्यात काकडीही बारीक चोचवून घालतात. पोहे त्यामुळे गार लागतात. मी स्वातीला येऊन सांगितलं, ती आता तसेच करते. बाईला मी चकल्या दिल्या. ती डबा रिकामा परत देईना, त्यात तिनं नवे तांदूळ भरून दिलेन. असे तांदूळ आणि चड्डी घेऊन मी निघालो. एक सांगतो, अर्ध्या चड्डीत सायकल फार छान चालते. पंचेचाळीस वर्षं मी उगाच लेंगा घातला.

धोपावे

गुहागरला एका घरगुती खाणावळीत वरण-भात आणि दोन वाट्या सोलकढी घेतली. मासे होते, पण म्हटलं आज आधी आक्काच्या हातचं. तिथून धोपाव्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि मीटर एकशे एक दाखवत होतं. मी खूश होतो. पाय दुखत होते, पण चालत होते.

तिकीट देणाऱ्याला विचारलं, "पलीकडून हर्णे किती?"

"दाभोळला उतरलात की समुद्राकडनं बेचाळीस किलोमीटर. कोळथरे, लाडघर, कर्दे, मुरूड करत जावा."

मी बोटीची वाट बघत सायकलीला टेकलो आणि हिशेब करायला लागलो. आठ किलोमीटरचे पाच मैल होतात, एवढं मला पक्कं येतं. शंभर मैल म्हणजे एकशे साठ, वर थोडं, म्हणजे एकशे एकसष्ट धरू. एकशे एक आणि बेचाळीस, एकशे त्रेचाळीस. मी परत मोजलं. परत तेवढेच. नव्वद मैलसुद्धा भरत नव्हते.

मग डोक्यात उजेड पडला. शंभर मैल हे एसटीचे होते. एसटी खाड्यांना वळसा घालून, आत चिपळूण-खेडावरून जाते. मी खाड्या सरळ ओलांडून चाललो होतो. जन्मभर आक्का शंभर मैलांवर, शंभर मैलांवर म्हणत आलो, आणि जवळच्या रस्त्यानं ती जवळ असते हे मला आणि माझ्या शिकलेल्या मुलाला, दोघांनाही सुचलं नाही.

अठरा किलोमीटर कमी. मागे गुहागरच्या दिशेनं नऊ जाऊन परत यावं तर पुरे झाले असते. पण मग पुढची बोट, पुढचा रस्ता, आणि अंधार. आणि आक्का. आमच्याकडे भाऊबीजेला बहीण संध्याकाळी आधी बीजेच्या चंद्राला ओवाळते, मग भावाला पाटावर बसवते. बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, सूर्य बुडाल्यावर तासाभरात तोही बुडतो. आणि भावाला ओवाळल्याशिवाय आक्का काही खात नाही. लहानपणापासून नाही. तिला साखरेचा त्रास आहे, डॉक्टर ओरडतात, सून ओरडते, ती ऐकत नाही. आमच्या घरात कुणीच ऐकत नाही.

बोट आली. मी सायकल बोटीवर चढवली. सायकल गेली तर गेली, असं मनाशी म्हटलं. पण पलीकडे उतरून पेडलवर पाय ठेवला तेव्हा मन मानेना. तीच गादी, माझ्या बैठकीनं खोलगट झालेली. हँडलच्या मुठी माझ्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. ही भंगारवाल्याच्या हातगाडीवर आडवी टाकलेली मला बघवली नसती, आणि बघायला येणार नाही असं मी आधीच बोलून बसलो होतो.

दाभोळनंतरचा रस्ता लिहिण्यासारखा फार आहे आणि मी तो फार बघितला नाही. चढ, उतार, परत चढ. लाडघरच्या अलीकडे उजव्या पोटरीत गोळा आला. रस्त्यावर बसून मी त्याला शिव्या दिल्या आणि मग तो गेला. कर्द्याला आलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. ओहोटीची वेळ, वाळू ओली नि सपाट, पार मुरुडापर्यंत. मी रस्ता सोडला आणि सायकल वाळूवर घातली. चाकाखाली खडखड नाही, धक्का नाही. डावीकडे सगळं पाणी तांबडं. दमलेला होतो, हरलेलाही होतो, तरी मी भोंग्यासारखा तोंडानं पों पों आवाज काढला. कुणी नव्हतं ऐकायला. एक खेकडा बिळात गेला, तेवढंच.

हर्णे

आक्का दारात उभी होती. हातात ताट नाही, कमरेवर हात.

"ही कुणाची चड्डी घालून आलास?"

"हेदवीकडच्या एका माणसाची."

"तो काय घालून बसलाय मग?"

मी सायकलीवरून उतरलो. म्हणजे उतरायला गेलो आणि भाच्यानं, सुधीरनं, मला काखेत धरलंन म्हणून उभा राहिलो. सुधीर रिक्षा चालवतो. अंगणात रांगोळी, पाट मांडलेला, आणि माडांच्या वर, समुद्राकडच्या आभाळात ती चंद्राची कोर. वेळेत आलो होतो.

तेवढ्यात सुधीरचा फोन वाजला. महेश. सुधीरनं तो माझ्या कानाला लावला.

"बाबा, पोचलात?"

"पोचलो."

"बरे आहात ना?"

"बरा आहे."

मग त्यानं विचारलंन, "मीटर किती दाखवतंय?"

खोटं बोलायला काय लागतं? तो काही लगेच मीटर बघायला येणार नव्हता. मी म्हटलं, "एकशे त्रेचाळीस."

तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, खूप झालं ते. खरंच खूप झालं. पण ठरल्याप्रमाणे नाही ना झालं? सायकल सुधीरकडेच राहू दे. उद्या एसटीनं या." त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. भीती होती, मला कळत होतं.

आक्कानं माझ्या कानावरून फोन ओढून घेतलान.

"महेश, मी आत्या बोलते. ठरलं काय होतं?"

"एका दिवसात शंभर मैल, आत्ये."

"मग दिवस संपला काय?"

"अंधार पडला की ओ."

"तुमच्या रत्नागिरीत अंधार पडला की तारीख बदलते?" तिनं फोन सुधीरच्या हातात दिलान आणि माझ्याकडे वळली. "किती राहिले?"

"अठरा. अगो, पण तू सकाळपासून..."

"मी काय सायकल चालवतेय? ऊठ त्या पाटावरून."

मी पाटावर बसलोसुद्धा नव्हतो. आक्काची सून, सुधीरची बायको, आतून आली, "आत्याबाई, साखर उतरेल, पडाल कुठं तरी." आक्का म्हणाली, "माझी साखर मी सांभाळते. दूध दे कपभर, दूध चालतं." ती उभ्या उभ्या दूध प्यायली, पेटत्या निरांजनाचं ताट घेतलंन, अंगणाच्या कडेला जाऊन चंद्राला ओवाळलंन. मग ताट घेऊन सरळ सुधीरच्या रिक्षात जाऊन बसली.

"सुधीर, ह्याच्या मागं राहा. दिव्याचा उजेड पाड रस्त्यावर. शिवा, चल."

शिवा म्हणजे मी. मला या नावानं हाक मारणारी ती एकच उरली आहे.

हर्णे ते मुरूड रस्ता सपाट आहे. आम्ही तो धरला. पुढे माझी सायकल, मागे रिक्षा, रिक्षाच्या उजेडात माझीच लांब सावली माझ्यापुढे पळतेय. मुरूडपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पहिल्या फेरीला लोक बघत राहिले. दुसऱ्या फेरीपर्यंत आक्कानं रिक्षातून डोकं बाहेर काढून सगळ्यांना सांगितलेलं होतं. मग बंदराकडून येणाऱ्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन थांबायला लागल्या. "मार रे म्हाताऱ्या!" "अगो, ह्याला पाणी द्या कुणीतरी!" "आक्का, भाऊ तुझा ना? मग असाच असणार!" घराघरांतून ओवाळून झालेले भाऊ कपाळाला कुंकू लावून कठड्यांवर येऊन बसले. कुणी फटाके लावले, दिवाळीचे उरलेले. एक माळ माझ्या इतक्या जवळ वाजली की मी तीन पेडलं न मारताच पुढे गेलो.

आक्का मागून बोलत होती. गप्प बसली असती तर मी थांबलो असतो.

"पाय का वळवळवतोयस? सरळ मार!"

"तू ये नि मार!"

"मला कोणी शिकवली? तुला बाबांनी शिकवली. मी मागितली तर म्हणाले, पोरीच्या जातीनं दोन बाजूंना पाय टाकून बसायचं नसतं."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असणार, मी तिथेच असणार, पण लक्षात नव्हतं. मी पेडल मारत राहिलो.

मीटरवर एकशे साठ आलं तेव्हा पायांत काही वाटेनासं झालं होतं. शेवटचा किलोमीटर लोक चालत बरोबर आले, इतका मी हळू होतो. आणि मग आकडा बदलला. एकसष्ट. सुधीरनं वाकून, मोबाईलचा उजेड पाडून बघितलंन आणि ओरडला. मी ओरडलो नाही. श्वास नव्हता.

आक्का रिक्षातून उतरली. "उतरू नको. तसाच बस." मी एक पाय दगडावर टेकवून गादीवरच बसून राहिलो. निरांजन वाऱ्यानं विझलं, तिनं लावलं, परत विझलं. चार बायांनी पदर आडवे धरले तेव्हा कुठे ते टिकलं. रस्त्याच्या मधोमध, परक्याच्या चड्डीत, सायकलीवर बसून मी भाऊबीजेचं ओवाळून घेतलं. चंद्र केव्हाच बुडला होता. त्याला तिनं ओवाळून टाकलेलंच होतं, त्यामुळे हरकत नव्हती.

महेशला मी स्वतः फोन केला. त्यानं फक्त विचारलंन, "झाले?" मी झाले म्हटलं. तो म्हणाला, "बरं. मग जेवा आता दोघं." आणि फोन ठेवायच्या आधी, "सायकलीला पुढे दिवा बसवून घेऊ या."

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि खीर होती. आक्कानं दोन भाकऱ्या खाल्ल्यान, मी पाच. लुगडं तिनं उलगडून बघितलंन, बरं आहे म्हणाली, घडी घालून बाजूला ठेवलंन. मग म्हणाली, "हे साडीचं झालं. ओवाळणी मी वेगळी मागणार आहे."

"माग."

"उद्या सकाळी मागते. आज तू नाही म्हणशील."

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून सुधीरनं आणि त्याच्या बायकोनं मिळून उठवलं. गुडघे वाकत नव्हते. आक्का तयार होऊन बसली होती. लुगडं नवं, पण कासोटा घालून नेसलेलं. ती काय मागणार ते मला बघताच कळलं. सून म्हणाली, "मामा, तुम्ही तरी समजवा." मी काही समजावलं नाही.

ओहोटी होती. आम्ही रिक्षातून सायकल मुरुडाच्या वाळूवर आणली. गादी मी पार खाली केली. सुधीरनं एका बाजूनं धरली, मी मागून कॅरियर धरलं, आणि आक्का दोन बाजूंना दोन पाय टाकून बसली. बराच वेळ नुसतीच बसली. मग म्हणाली, "ढकल."

मी ढकलली. माझे पाय मोडतायत की काय असं वाटत होतं. ती हँडल एवढं घट्ट धरून होती की सायकल सरळ जाईना. मी ओरडलो, "मुठी सैल सोड! पुढे बघ, चाकाकडे बघू नको!" दहा-बारा हेलपाट्यांनंतर ती पुढे बघायला लागली. सुधीरनं हात काढलान. थोडं पुढे गेल्यावर ती ओरडली, "शिवा, सोड!"

मी सोडली. ती चार-पाच माणसांच्या लांबीएवढी गेली आणि ओल्या वाळूत आडवी झाली. मी पोचलो तेव्हा ती पडल्या पडल्या हसत होती, तोंडात वाळू. मी तिला उठवली, लुगडं झाडलं, सायकल उभी केली आणि परत बसवली.